फौजी मित्र दोन दिवसांसाठी घरी येतो तेव्हा

माहुलीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं म्हणून लिहितोय, मोठं होईल पण वाचा.

आमचा एक जिगरी दोस्त फौजेत आहे. सध्या एका कोर्ससाठी पुण्यात आलाय, कुठला कोर्स अन कुठली युनिट ते लिहिणार नाही आणि कुणी विचारू पण नका. एरवी वर्षातनं एकदा नाहीतर दोनदा दिसणारा माणूस, त्याला मागच्या आठवड्यात शनिवार दुपार ते रविवार रात्रीच्या हजेरीपर्यंत आउट पास मिळाला. म्हणजे स्वारगेटला बस धरायची, शनिवारच्या महाबळेश्वरवाल्या गर्दीत खंबाटकीचा घाट चढायचा, साताऱ्यात उतरून गावात यायचं आणि दुसऱ्या दिवशी उजेड असतानाच परत निघायचं. हातात राहतं काय, तर एक रात्र आणि अर्धा दिवस.

त्या वेळेचं काय करायचं यावर आमच्या ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालू. एकजण म्हणाला कासला जाऊ, एकजण म्हणाला बामणोलीला तंबूत राहू, बोटिंग करू, एकानं ठोसेघरच्या बाजूला फार्महाऊस बघून ठेवलेलं, म्हणाला मटण तिथंच करू, आचारी सांगतो. सगळ्यांना त्याच्यासाठी काहीतरी भारी करायचं होतं, त्यात वाईट काहीच नाही. पण मी अडवलं. म्हणलं आरं तो वर्षभर डोंगरातच राहतो, थंडीत तंबूत झोपणं हे त्याचं रोजचं काम हाय, त्याला परत तंबूत काय नेताय. त्याला घर द्या. आईच्या हातचं खाऊ द्या. आपण सगळ्यांनी त्याच्या घरी जायचं, त्याला घरातनं बाहेर ओढायचं नाही.

पटलं शेवटी सगळ्यांना. शनिवारी संध्याकाळी मी आणि टेम्पोवाला दोस्त स्टँडवर गेलो त्याला आणायला. घरी आल्यावर पहिली दोन तास आम्ही कुणी तिकडं फिरकलोच नाही, त्याची आई, बायको, पोरगं, वडील यांना सोडलं. जेवणं झाल्यावर सगळे अंगणात जमलो. आईनी कृष्णाकाठची वांगी भरली होती, बाजरीची भाकरी, खर्डा, येळवणीची आमटी, आम्हाला पण परत ताटावर बसवलं.

आणि काय बोललो म्हणाल तर फौजेचं जवळजवळ काहीच नाही. त्यालाच विचारायचं होतं सगळं. विहिरीला पाणी किती हाय, कुणाच्या पोरीचं ठरलं, तालमीतला वस्ताद कसा हाय, आपल्या वर्गातली अमकी कुठं असती, मराठीचे सर रिटायर झाले का, उसाला यंदा तोडणीची टोळी कधी मिळाली. बारीक बारीक गोष्टी विचारत होता आणि मन लावून ऐकत होता, मधेच थांबवून परत विचारायचा. मला तर वाटलं हा सगळं साठवून घेऊन चाललाय.

रविवारी पहाटे अजिंक्यतारा. तेवढं एकच बाहेर जाणं, ते पण त्यानंच मागितलेलं. आता ज्यांना माहित नाही त्यांच्यासाठी सांगतो, आम्ही पाचजण एकत्रच भरतीची तयारी करायचो. पहाटे चारला उठून रोडला पळायचं, रविवारी 'चार भिंती' स्मारकापास्नं किल्ल्यावर पळत चढायचं. 1600 मीटर साडेपाच मिनिटाच्या आत आलं की पूर्ण 60 मार्क, बीम म्हणजे पुल-अप्स 10 मारल्या की 40, 9 फुटी खड्डा, झिगझॅग, सगळं पाठ होतं आम्हाला. एकजण उंचीत गेला, 168 सेंटीमीटर लागतात, त्याला थोडकी कमी पडली. एकाचा तळपाय सपाट निघाला. एकाच्या घरी वडील वारले म्हणून त्यानं नादच सोडला. माझं मेडिकलला कान. पाचातला हा एकटा गेला.

त्यामुळं आमच्यासाठी तो नुसता मित्र नाही. आम्हा पाचही जणांची भरती त्याच्या एकट्याच्या अंगावर हाय, असं आम्ही धरून चालतो. मंगळाईच्या देवळाजवळ बसलो, खाली सातारा, समोर यवतेश्वर, पलीकडं सज्जनगड, आणि तो म्हणाला की वर पोस्टवर असताना डोळे मिटले की हीच चढण दिसती, कुठल्या वळणावर कुणाचा दम जायचा ते सुद्धा.

आता मुद्द्याची गोष्ट. शनिवार-रविवार घरी येणाऱ्या फौजीचं एक पण सरकारी काम होत नाही. फेब्रुवारी 2020 च्या शेवटापासून राज्य सरकारची ऑफिसं पाच दिवसाचा आठवडा करतात, म्हणजे तहसील शनिवारी बंद, बँक दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. मग तो लांबलचक सुट्टीवर येतो तेव्हा निम्मी सुट्टी तलाठी, बँक, कारखाना, वायरमन यातच जाती. म्हणून आम्ही ठरवलंय की त्याची कामं तो यायच्या आधी आपण उरकायची. उसाची नोंद घातली, वडिलांना घेऊन ई-पीक पाहणी केली, बोअरची मोटर जळाली होती ती रिवाइंड करून बसवली. त्याला आल्यावर फक्त सांगितलं, झालंय.

तुमच्यापैकी कुणाचे मित्र, भाऊ, नवरे फौजेत आहेत? तुम्ही ते दोन दिवस कसे घालवता, आणि मागची कामं कोण बघतं? लिहा.

मिरज जंक्शन

भावा पोटातलं लिहिलंस. आमचा पण एक आहे, गोवा एक्सप्रेसनं दिल्लीकडनं येतो, मिरजेला आम्ही घ्यायला जातो.

2019 च्या ऑगस्टचं सांगतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी 45 आहे बघा. तो तिकडं अशा जागी की फोन लागत नाही, आणि इथं सांगलीवाडीला त्याचे आई-वडील वरच्या मजल्यावर अडकलेले, म्हातारा काय घर सोडायला तयार होईना, म्हणायचा म्हशी कुठं सोडू. आम्ही तिघं बोटीतनं गेलो. म्हशी आधीच उंचावर नेऊन बांधल्यात असं खोटंच सांगितलं तेव्हा कुठं उतरला (म्हशी खरंच नेलेल्या होत्या पण दुसऱ्यांनी, ते आम्हाला नंतर कळलं). दोन्ही म्हातारी माणसं आमच्या मावशीकडं विश्रामबागला ठेवली. त्याचा फोन लागला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, तोवर पाणी उतरून आम्ही घर धुवून पण झालेलं. फोनवर एक शब्द बोलला नाही बराच वेळ, नुसता श्वास ऐकू येत होता.

पुढच्या सुट्टीत आला तो आधी स्वतःच्या घरी गेलाच नाही, बॅग घेऊन डायरेक्ट आमच्या मावशीच्या पाया पडायला.

वाईची सून

माहुलीकर दादा, लेख आवडला पण मला थोडं वेगळं सांगायचंय. राग मानू नका.

माझे मिस्टर सैन्यात आहेत, मी सासरी असते, पोरगी चार वर्षाची. तुम्ही पहिले दोन तास सोडले ते वाचून बरं वाटलं, पण दादा दोन तास कमी आहेत हो. पोरगी पहिल्या दिवशी बापाजवळ जातच नाही. दाराआडनं बघते, मग हळूहळू जवळ येते, रात्री झोपताना कुठं मांडीवर बसते, आणि तेवढ्यात अंगणात मित्र आलेले असतात, मग हे उठतात. मी काही बोलत नाही कारण त्यांचा पण चेहरा फुललेला असतो मित्र बघून. पण सकाळी पोरगी परत पहिल्यासारखीच दूर, आणि दुपारी तर बॅग भरायची.

सुट्टीचा हिशोब पण लोकांना माहित नसतो. वर्षाला 60 दिवस ॲन्युअल आणि 30 दिवस कॅज्युअल ऐकायला खूप वाटतं, पण एकदम मिळत नाही आणि हव्या त्या वेळी मिळेलच असं नाही. येण्याजाण्यातले दिवस वेगळेच. तेव्हा जो शनिवार-रविवार मिळतो तो आम्हाला सणासारखा असतो.

हे पण लिहिते की माझ्या डिलिव्हरीच्या रात्री दीड वाजता गाडी घेऊन आले ते ह्यांचे मित्रच होते, सासऱ्यांना रात्रीचं दिसत नाही. तो उपकार मी कधी विसरणार नाही. म्हणूनच हक्कानं सांगतेय, पहिली रात्र आम्हाला ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तुमचेच.

माहुलीकर

वाईच्या ताई, राग कसला. बरोबर आहे तुमचं आणि आमच्या कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. आमच्या वहिनी पण बोलल्या नसत्या कधी. ग्रुपवर टाकलंय, पुढच्या वेळी शनिवारी रात्री कुणी जायचं नाही, रविवारी सकाळी किल्ला आणि दुपारचं जेवण एकत्र, त्यात घरातले सगळे, पोरगं पण किल्ल्यावर खांद्यावर घेऊन.

जुना सुभेदार

राम राम सर्वांना. 28 वर्षे नोकरी करून घरी आलोय, खटाव तालुक्यात असतो. थोडं अनुभवाचं सांगतो.

आमच्या वेळी शनिवार-रविवारची सुट्टी वगैरे प्रकार नव्हता कारण युनिट लांब. काळी ट्रंक, होल्डॉल, रेल्वेचं वॉरंट म्हणजे सरकारी प्रवासाचा पास, झेलम एक्सप्रेसनं पुण्यापर्यंत, तिथनं एसटी. घरी पोचेपर्यंत तिसरा दिवस. आणि पत्र पुढं पाठवलेलं असायचं ते कधीकधी आम्ही पोचल्यावर यायचं. मित्रांना कळायचंच नाही कधी आलो. आता फोन आहेत तर पोरं स्टँडवर घ्यायला येतात हे वाचून फार समाधान वाटलं.

कामाच्या गोष्टी, फौजी असाल किंवा फौजीचे मित्र असाल, दोघांनी लक्षात ठेवा:

मित्र किंवा भाऊ कामं बघत असेल तर तोंडी ठेवू नका. जमिनीची, बँकेची, कोर्टाची कामं असतील तर मुखत्यारपत्र करा, ते सुद्धा ठराविक कामापुरतं. सगळे अधिकार एकदम कुणाला देऊ नका, कितीही जवळचा असला तरी, यात दोघांचं भलं आहे. मैत्री टिकते.

गावाकडं जमिनीवर कुणी अतिक्रमण केलं, घरच्यांना त्रास दिला तर जवानानं आपल्या कमांडिंग ऑफिसरला सांगायचं. युनिटकडनं कलेक्टर आणि एसपीला पत्र जातं, त्याची दखल घेतली जाते. पोरं लाजतात साहेबांना सांगायला, लाजू नये, ते साहेबांचं कामच आहे. शिवाय 1925 चा सैनिकांच्या दाव्यांबाबतचा कायदा आहे, जवान लढाईवर किंवा खास परिस्थितीत ड्युटीवर असेल आणि कोर्टात हजर राहू शकत नसेल तर त्याच्या मागं निकाल लागू नये म्हणून दावा पुढं ढकलता येतो. वकिलाला विचारा. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय साताऱ्यात पण आहे, सांगलीत पण आहे. ते फक्त पेन्शनवाल्यांचं नाही, सेवेतल्या जवानाच्या घरच्यांनी पण जावं.

आणखी एक, मित्रांनी युनिफॉर्ममधले फोटो, कुठं पोस्टिंग आहे, कधी परत चाललाय हे स्टेटसला टाकू नका. अभिमानानं टाकता ते कळतं पण नका टाकू.

आणि "किती अतिरेकी मारले" हे कधी, कधीही विचारू नका. बोलायचं असेल तर तो आपणहून बोलेल. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी, चालता चालता, एकट्याशीच.

कऱ्हाडी मास्तर

सुभेदार साहेब, शेवटच्या ओळीला नमस्कार. माझ्या मित्राचं अगदी असंच झालं, ओगलेवाडी स्टेशनवर गाडीची वाट बघताना अर्धा तास बोलला, आणि गाडी आल्यावर म्हणाला घरी सांगू नको. मी आजवर सांगितलेलं नाही.

मला एक गोष्ट मोकळेपणानं लिहायची आहे. आपला जिल्हा सैनिकांचा म्हणून आपण छाती फुगवून सांगतो, आणि ते खरंही आहे. अपशिंगे मिलिटरी या एकाच गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, तिथं त्यांचं स्मारक आहे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 ला साताऱ्यात निघालं. त्याच शाळेत शिकलेले पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले, आणि त्यांच्या पत्नी स्वातीताई पुढं स्वतः परीक्षा देऊन, चेन्नईचं ट्रेनिंग पूर्ण करून 2017 मध्ये लष्करात अधिकारी झाल्या. मी वर्गात पोरांना हे दरवर्षी सांगतो.

पण मला असं वाटतं की तिरंगा गुंडाळून पोरगा येतो तेव्हा अख्खा तालुका रस्त्यावर उभा असतो, असलाच पाहिजे, मी पण उभा राहिलोय आणि रडलोय. तोच पोरगा सहा महिन्यांआधी जिवंत, हातात बॅग घेऊन स्टँडवर उतरला होता, तेव्हा त्याला रिक्षा शोधावी लागली होती. त्या दिवशी पण कुणीतरी पाहिजे ना तिथं. माहुलीकर, तुम्ही दोघं स्टँडवर गेलात हे मला सगळ्या लेखात जास्त मोठं वाटलं.

तासगावकर

मास्तर डोळ्यात पाणी आणलंत.

आमच्याकडं द्राक्षबागेचं असतं, ऑक्टोबर छाटणी आली की फौजीवाल्या घरात माणूस नाही. आम्ही चार घरांनी ठरवून त्याच्या बागेचं औषधाचं वेळापत्रक आमच्या बागेबरोबरच लावलंय, आपला ट्रॅक्टर बाहेर निघाला की त्याच्या बागेतनं पण फिरून यायचा. डाऊनी रोग एकदा बागेत शिरला की थांबत नाही, तिथं सुट्टीची वाट बघून चालत नाही. तो पैसे पाठवतो औषधाचे वेळच्या वेळी, हिशोब आम्ही वहीत लिहितो आणि फोटो पाठवतो. हिशोब लिहिणं पण महत्त्वाचं, सुभेदार साहेबांनी सांगितलं तेच.

कासपठार

मला वाटतं सगळ्यांनाच घरी बसायला आवडतं असं पण नाही. माझा चुलतभाऊ नेव्हीत आहे, तो आला की त्याला डोंगर पाहिजे, समुद्र बघून कंटाळतो. आम्ही त्याला घेऊन सज्जनगड, वासोटा करतो. वासोट्याला बामणोलीतनं बोटीनं जावं लागतं आणि वनखात्याची परवानगी लागते, पूर्ण दिवस जातो, त्यामुळं दोन दिवसाच्या सुट्टीत नको, पण लांब सुट्टीत जरूर. तेव्हा त्यालाच विचारा काय पाहिजे ते, आपण ठरवू नका, एवढंच.

माहुलीकर

पटलं कासपठार. आमच्यानं पण किल्ला स्वतःच मागितला होता. विचारणं हेच खरं.

येताना त्याला राजवाड्यावर गांधी मैदानाच्या चौपाटीवर नेलेला, तिथं भेळ खाल्ली आणि कंदी पेढे घेतले, कोर्सवर पंजाबी, नागा, तमिळ सगळी पोरं आहेत त्यांना द्यायला. म्हणाला एकदा पाठवलेला बॉक्स लंगरमधे दहा मिनिटात संपलेला आणि तेव्हापासून त्याला सातारा म्हणूनच हाक मारतात.

जतकर

नमस्कार, मी इथं पहिल्यांदा लिहितेय. कोरडं गाव आमचं, जत तालुका. माझा धाकटा भाऊ अग्निवीर आहे. त्यांना वर्षाला 30 दिवसच सुट्टी असते. चार वर्षांनी चारातला एकच कायम होणार, त्यामुळं तो सुट्टी मागायलाच घाबरतो, म्हणतो नावावर काही यायला नको.

आता पुढच्या महिन्यात पहिल्यांदा दहा दिवस येतोय. आजोबा गेले दिवाळीनंतर, सात-बारा अजून त्यांच्या नावावर आहे. वडील एकटे आहेत, शिकलेले नाहीत, म्हणतात पोरगा आला की त्यालाच घेऊन तलाठ्याकडं जातो, त्याच्याशिवाय मला नीट बोलता येत नाही. आणि भाऊ म्हणतो ठीक आहे, करतो. मला नको वाटतंय त्याचे दहा दिवस असे घालवायला. मी पुण्यात कंपनीत आहे, मलाही रजा नाही. काय करता येईल?

जुना सुभेदार

ताई, सुट्टी त्याचा हक्क आहे, रीतसर अर्ज करून घेतलेल्या सुट्टीनं काही बिघडत नाही, त्याला माझ्याकडनं सांगा. आणि वारसनोंदीसाठी त्याची गरजच नाही. आजोबांच्या जागी तुमचे वडील आणि त्यांची भावंडं वारस लागतात, आत्यांची नावं पण त्यात आली पाहिजेत. वडील हयात असताना भावाच्या सहीचा प्रश्नच येत नाही. आजोबांचा मृत्यू दाखला, सर्व वारसांची आधार कार्डं, सात-बारा, आठ-अ आणि वारसांबाबतचं प्रतिज्ञापत्र, एवढं जमवा. अर्ज दिला की नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. आत्ता दिलात तर भाऊ येईपर्यंत बरंच पुढं गेलेलं असेल. खरं तर वारसानं तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, तेव्हा वाट बघूच नका.

जतकर

सुभेदार काका खूप आभार, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. दोन आत्या आहेत, एक विजापूरला दिलीय. पण वडिलांबरोबर जायला कोण, हाच प्रश्न आहे.

मिरज जंक्शन

ताई मी जातो. माझी ड्युटी फिरती असते, जतला आठवड्यातनं एकदा गाडी घेऊन येतोच. तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, गावाचं नाव तिथंच सांगा, इथं नको. विजापूरच्या आत्यांच्या आधारची झेरॉक्स व्हॉट्सॲपवर मागवून ठेवा आणि वडिलांना सांगा की मृत्यू दाखल्याची मूळ प्रत बरोबर घ्या. प्रतिज्ञापत्र तहसीलजवळ करून मिळतं, त्याला वडिलांची सही किंवा अंगठा तिथंच लागेल. मंगळवारी साडेदहाला मी जत स्टँडवर असतो.